टायरच्या खुर्चीला कोयत्याचा घाव

आन् वर मलाच म्हणतात, आबा लय संशयी! घ्या! ...बसा, बसा तुमी, भाकरीला अजून वेळ हाय, चुलीवरची हाय ती, बटण दाबून येत न्हाई... न्हाई न्हाई न्हाई, त्या कडंच्या खुर्चीवर नका! ती सोडून कुटंबी बसा. का म्हणून काय इचारता, तेच तर सांगाया लागलोय! तुमाला सांगतो, साठ वर्षं झाली मला ह्या लोहगडवाडीत, आजवर ह्या कोंडाजीनं कुणाचा संशय म्हणून घेतला न्हाई. मी फक्त इचारतो. आता माणसानं इचारू बी न्हाई व्हय? वडगावच्या डॉक्टरला इचारलं, 'सायेब, ही गोळी तुमी सोता घेता का?' तर हा संशय झाला? यष्टीच्या कंडक्टरला इचारलं, 'गाडीचा ब्रेक सकाळी कुणी बघितला?' तर हा संशय झाला? आमची मालकीण, नंदाबाई, ती काय तितं भाकऱ्या थापतीय, ती म्हणती, 'अवं, देवाम्होरं नारळ फोडायच्या आधी बी तुमी कानाशी धरून हलवता, देवाला काय वाटत असंल?' आता हलवायचा न्हाई तर काय! नासका निघाला तर देवाला काय वाटंल, ह्याचा इचार कुणी केलाय का?

तर खुर्ची. खुर्चीचं सांगत व्हतो.

मागच्या थंडीतला रविवार. सकाळी धुकं असं की समोरची विहीर दिसंना, आन् गडावरनं उतरून एक पाव्हणा आला. पुण्याचा. चांगला भरलेला गडी, पाठीवर ही एवढी सॅक, सॅकेला दोन बाटल्या लटकलेल्या, वर चटई गुंडाळलेली, म्हणजे माणूस आन् त्याच्या पाठीवर त्याचं बिऱ्हाड. आला आन् लाल खुर्चीवर बसला. लाल खुर्ची म्हणजे दुकानातली, चकचकीत, वर्ष बी झालं नव्हतं तिला. नंदाबाईनं ताट दिलं. पिठलं, भाकरी, ठेचा, कांदा. गड्यानं पयला घास मोडला, जरा मागं रेलला, आन्... कट्ट! मागचा पाय मुळातनं! गडी मागं, ताट वर, आन् पिठलं कुटं गेलं ते इचारूच नका, दाढीतनं काढाया दोन तांबे पाणी लागलं. आता सोबतच्या दोस्तानं काय करावं? उचलावं का न्हाई त्याला? तो मोबाईल धरून उभा! वर म्हणतो, 'एक मिनिट तसाच पडून राहा रे, फोकस होत नाहीये!'

झालं. तो व्हिडिओ गेला सगळीकडं. आन् त्यात पिठल्यापेक्षा ठळक काय दिसावं? माझा बोर्ड! 'कोंडाजी भोजनालय, घरगुती जेवण मिळेल.' पुढच्या रविवारपासनं लोकं यायची, बोर्ड बघायची, मंग खुर्ची बघायची, मंग एकमेकांकडं बघायची, आन् म्हणायची, 'काका, आम्ही उभ्यानंच खातो.' उभ्यानं पिठलं-भाकरी! एका हातात ताट, दुसऱ्या हातात भाकरी, मोडायची कशानं, दातानं? दोन रविवार खाल्लं उभ्यानं, तिसऱ्या रविवारी पलीकडच्या हॉटेलात जाऊन बसली. तीस वर्षांचं हॉटेल हाय हे माझं, तुमाला सांगतो. ह्या चुलीवर मी पोरीला वाढवली. अजून एक माणूस पडला असता ना, तर हे छप्पर उतरवून घरी न्यायचं, बास, एवढंच राह्यलं व्हतं.

आन् नेमका तवाच पुण्याच्या एका ट्रेकिंग क्लबच्या मॅडमचा फोन. 'काका, पुढच्या रविवारी आम्ही चाळीस जण येतोय, जेवायला तुमच्याकडेच. पण खुर्च्या नीट आहेत ना? आमच्यात दोन आजोबा आहेत सत्तरीचे, त्यांना खाली बसता येत नाही. आम्ही तो व्हिडिओ पाहिलाय, म्हणून विचारते.' बघा, ती बी इचारती! तिला कुणी संशयी म्हणत न्हाई! मी म्हणलं, 'एकदम नीट हायेत मॅडम, काळजीच करू नका.' आन् फोन ठेवला आन् खुर्च्या मोजल्या. अकरा. त्यातल्या तीन तारेनं बांधलेल्या.

आता हितं आमचं जावई येतात. संदेशराव. नवलाख उंबरे गावचं. तितंच एका कंपनीत हायेत, प्लास्टिकच्या वस्तू पाडायच्या मशीनवर. सारिकाचं लग्न होऊन तीन वर्षं झाली. पोरगा वाईट न्हाई. मी वाईट म्हणलो का? मी फक्त लग्नाआधी त्याच्या कंपनीच्या गेटासमोर चहाच्या टपरीवर बसलो व्हतो एक दिस. सकाळच्या शिफ्टपासनं. आत जाताना दिसला, बाहेर येताना दिसला. आता सांगा, मधी काय करतो ते कुटं दिसलं? मंग वॉचमनला इचारलं. वॉचमननं जाऊन त्यालाच सांगितलं, 'तुझ्या होणाऱ्या सासऱ्यासारखा कुणीतरी बसलाय, तुझ्याबद्दल इचारतोय.' तर हा बाहेर आला आन् काय म्हणावं? 'मामा, चहा झाला असंल, आता जेवूनच जा.' तवापासनं सारिका मला म्हणती, 'आबा, तुमी परत एकदा असं काही केलंत ना, तर मी ह्या उंबऱ्याला पाय लावणार न्हाई.' पोटची पोर, पण बोलती अशी, की... जाऊ द्या. मी संशय घेतला न्हाई, मी इचारलं.

तर शुक्रवारी जावई आलं पिकअप घेऊन. आन् पिकअपमधनं काय उतरावं? खुर्च्या! चाळीस! सगळ्या काळ्या, म्हशीच्या पाठीच्या रंगाच्या. ना चमक, ना काय.

'मामा, ह्या घ्या. आमच्याकडच्या ट्रायलच्या हायेत. रविवारी वापरा, मोडतात का बघा, आन् मला सांगा.'

'मोडतात का बघा? म्हणजे मोडणार?'

'न्हाई मामा, मोडणार न्हाईत. पण बघा.'

'मोडणार न्हाईत तर बघायचं कशाला?'

तर पाव्हणं खुर्च्या उतरवाया लागलं. बघा! इचारलेलं सोडून काम का करावं माणसानं? मी म्हणलं, 'पाव्हणं, ह्यात हाय तरी काय?' तर म्हणतो, 'जुनं प्लास्टिक आन् जुन्या टायरचं रबर. टायरची पावडर करायची, अगदी नाचणीच्या पिठावाणी बारीक, आन् वितळलेल्या प्लास्टिकमधी मिसळायची. मामा, नुसतं प्लास्टिक लय ताठ असतंय, थंडीत तर अजून ताठ. त्याला एकदा चीर गेली की ती थांबतच न्हाई, ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत पळती, तुमची लाल खुर्ची अशीच गेली. आता मधी रबराचे कण बसवले की चीर पळत येती, कणापाशी अडती, वाकडी व्हती, दमती. भाताच्या खाचराला बांध असतोय ना, तसं.'

बोलायला गोड हाय पोरगा, त्याबद्दल काय बोलायचंच न्हाई. पण मी म्हणलं, 'पाव्हणं, रबर मऊ असतंय. मऊ घातल्यावर खुर्ची मऊ व्हणार. म्हणजे गडी पडणार न्हाई, पण हळूहळू खाली जाणार. एकच झालं की!' तर हसला. म्हणला, 'तेवढंच घालायचं असतंय मामा, बेतानं. आन् नुसती पावडर टाकून बी चालत न्हाई. प्लास्टिक आन् रबर, दोघांचं एकमेकांशी जमत न्हाई मुळात. मंग भाकरीत खडा यावा तसं होतं, उलट तिथनंच तुटतं. म्हणून मधी एक औषध घालतो, ते हिकडून प्लास्टिकला धरतं, तिकडून रबराला.'

'औषध? कसलं औषध?'

'असतंय मामा एक.'

असतंय एक! आता ह्याला काय म्हणायचं? जावई बाहेर गेल्यावर मी नंदाबाईला म्हणलं, 'ऐकलंस का, औषध घालतात, आन् नाव सांगत न्हाई.' तर ती पीठ मळता मळता म्हणती, 'ते औषध मला ठावं हाय. आपली सारिका. न्हाईतर तुमचं आन् जावयाचं एक दिस तरी जमलं असतं व्हय?' हिला प्लास्टिकमधलं काय कळतंय!

पण माझ्या डोक्यात काय बसलं? टायर! अहो, टायर कशाकशावरनं जातो! शेणावरनं जातो, चिखलावरनं जातो, एक्स्प्रेसवेवर मेलेली कुत्री असतात त्यांच्यावरनं जातो. आन् त्याच्यावर माणसानं ताट घेऊन बसायचं? ते बी जाऊ द्या, धुतात म्हणे. पण टायर कुणाचा? हे कुणी इचारलं? मी इचारलं! लगेच कामशेतला फोन लावला, इर्शादला. इर्शाद म्हणजे आमचा भंगारवाला, बापापासनं वळख. म्हणलं, 'इर्शाद, तू गोळा केलेले टायर जातात कुटं?' म्हणला, 'कोंडाजीभाऊ, पावडर करणारे नेतात. तिथनं मग नवलाख उंबऱ्याच्या कंपन्यांत.' म्हणलं, 'आन् माझ्या टेम्पोचा तू तीन वर्षांमागं नेलेला, तो?' म्हणला, 'तिकडंच गेला असंल की भाऊ! का वो?'

का वो! आता तुमाला त्या टायरचं सांगितलंच पायजे, न्हाईतर तुमी बी म्हणाल, आबा संशयी! माझा टेम्पो व्हता, मळवली स्टेशनावरनं पाव्हणं आणायचा. सारिकाच्या साखरपुड्याला निघालो, टेम्पोत बावीस माणसं, पेढ्याची खोकी, नंदाबाईच्या मांडीवर ओटीचं सामान, आन् गायमुख खिंडीत फाट्ट! डाव्या अंगाचा मागचा टायर. टेम्पो दरीच्या बाजूला झुकला, बाया किंचाळल्या, मी ब्रेकवर उभा राह्यलो, अक्षरशः उभा! वीतभर राह्यलं व्हतं, वीतभर! दोन तास त्या खिंडीत उभे, पेढे तितंच संपले. आन् तो टायर चार महिन्यांचा व्हता, तुमाला सांगतो, चार महिन्यांचा! मी त्या टायरकडं बघितलं आन् म्हणलं, बस्स, तुझं माझं संपलं, परत तोंड दाखवू नको. दिला इर्शादला. आन् आता तोच टायर खुर्ची व्हऊन, जावयाच्या हातनं, माझ्याच दारात? साखरपुड्याला ज्यानं दगा दिला, त्याच्यावर सत्तरीचं आजोबा बसवू? मी संशय घेत न्हाई. मी फक्त इचारतो.

मंग मी काय केलं? टेस्ट! एक खुर्ची मागच्या अंगणात नेली. पयलं तांदळाचं पोतं ठेवलं, इंद्रायणीचं. राह्यली. दुसरं ठेवलं. राह्यली. वर जातं ठेवलं. जरा वाकली, मी म्हणलं आली, आली आता लायनीवर! तर जातं काढल्यावर परत सरळ. मंग नंदाबाईला म्हणलं, 'बस.' ती म्हणली, 'जात्यानंतर माझा नंबर का?' पण बसली. राह्यली. मंग मी चढलो वर आन् उड्या मारल्या. राह्यली! आता दुसऱ्या कुणाचं समाधान झालं असतं. पण तुमीच सांगा, एवढी चांगली वस्तू घरचा माणूस उगंच कशाला आणून देईल? पास झाली म्हणूनच तर माझी झोप गेली!

शनिवारी दुपारी नंदाबाई विहिरीवर, सारिका आलती माहेरी मदतीला, ती लेकराला घेऊन आत झोपलेली. मी कोयता काढला. आता लगेच डोळं मोठं करू नका, मला फक्त आत बघायचं व्हतं. वरनं काळी हाय, पण आतनं काय हाय? रबराचे कण दिसतात का? का माझ्या टायरची नक्षी दिसती? नुसतं खरवडायचं व्हतं, टोकानं. खुर्ची उलटी केली, मागच्या पायाला आतल्या अंगानं कोयता लावला... आन् आदल्या दिवशीच मी सोता कोयता धार लावून आणलेला, तो काय थांबतो व्हय! खच्चकन गेला आत, बोटाच्या पेराएवढा! बघितलं तर आतनं बी काळीच. ना कण, ना नक्षी. आन् तेवढ्यात आत लेकरू रडलं. म्हणलं सारिका उठली! कोयता छपरात खोचला, खुर्ची उचलली, दुसऱ्या खुर्च्यांच्या चवडीत ठेवली, आन् तोंड दुसरीकडं करून उभा राह्यलो. म्हणलं, ती गेली की काढू बाजूला.

ती गेलीच न्हाई! बाहेर आली, म्हणली, 'आबा, खुर्च्या धुवून ठेवते.' नंदाबाई विहिरीवरनं आली, दोघी मायलेकी लागल्या की कामाला. सगळ्या खुर्च्या अंगणभर मांडल्या, पाणी मारलं, वाळवल्या, उलट्या-सुलट्या करून परत चवडी लावल्या. चाळीस काळ्या खुर्च्या! एका आईच्या चाळीस लेकी! त्यातली एक माझ्या कोयत्याची, आन् मला ठावं न्हाई कंची! मी हळूच एकेक काढून पाय चाचपाया लागलो, अकरा झाल्या, तेवढ्यात सारिका मागं. 'आबा, काय शोधताय?'

आता काय सांगायचं? म्हणलं, 'शेजारची कोंबडी.'

'खुर्चीच्या चवडीत?'

'कुटंबी असती ती.'

तिनं असं बघितलं माझ्याकडं, आन् मला चवडीपासनं उठवलंच. आता सांगायचं म्हणजे तिला सांगायचं, की तुझ्या नवऱ्यानं आणलेल्या खुर्चीवर मी कोयता चालवला. आन् ती काय म्हणाली व्हती ते मी मगाशी सांगितलं तुमाला. सांगणार कसा?

रविवार उजाडला. मी म्हणलं, पहाटे उठून पयल्या खुर्च्याच बघू. तर नंदाबाई म्हणली, 'दही कमी पडंल, खाली भाजे गावातनं घेऊन या.' गेलो आन् आलो, तर जावई हजर! नवलाख उंबऱ्याहून सकाळीच आलेलं, आन् सगळ्या चाळीस खुर्च्या सोता मांडून मोकळे! लायनीत! आन् चाळीस माणसं बसून बी झालेली! अहो, माझ्या हातातलं दही सांडलं.

तुमाला सांगतो, अशी पंगत मी माझ्या आयुष्यात वाढली न्हाई. हातात पिठल्याची बादली आन् डोळे सगळे खाली, पायांकडं. माणसांच्या न्हाई, खुर्च्यांच्या! एकेकापाशी जायचं, वाढायचं, आन् वाढता वाढता वाकायचं. पयलं आजोबा पाय हलवत बसलेलं, आन् मी म्हणतोय, 'आजोबा, हलू नका, पिठलं सांडंल!' दुसरं आजोबा तर मागं रेलून डोळं मिटून बसलेलं, मी त्यांच्या पाठीला हात लावून उभा. ते म्हणतात, 'काय हो, किती प्रेमानं वाढता!' प्रेमानं! मी आपला टेकू म्हणून उभा, आन् हे म्हणतात प्रेमानं!

चौथ्यांदा वाकलो तवा मॅडमनं पकडलं. 'काका, मघापासून खुर्च्यांखाली काय शोधताय?'

तोंडातनं निघून गेलं, 'कोंबडी.'

झालं! पुण्याची माणसं ती! 'अय्या, कोंबडी आहे का? कुठाय?' चाळीस माणसं वाकली! ताटं हातात, मुंडकी खाली! एक म्हणतो माझ्याकडं न्हाई, दुसरा म्हणतो आत्ता काहीतरी पळालं, तिसरा खुर्ची मागं सरकवून बघतोय, चौथा मोबाईल काढतोय... परत मोबाईल! आन् त्यात एक ताई कोंबडीला भिणारी. 'मला चालत नाही कोंबडी!' म्हणली आन् चढली की खुर्चीवर! उभी! आन् खुर्चीवर उभी राहून नाचतीय! मी म्हणलं, 'ताई, उतरा! उतरा ताई! कोंबडी न्हाई, कोंबडीच न्हाई आमच्याकडं, आमी माळकरी हाय!' तर ती म्हणती, 'मग शोधत काय होता?' आता काय सांगू? मी सरळ खाली बसलो आन् तिच्या खुर्चीचे दोन पाय दोन हातांनी धरून राह्यलो. ही आमची अवस्था! तिकडनं सारिका बघतीय, नंदाबाई बघतीय, आन् ह्या सगळ्यात आमचं जावई काय करतायत? चुलीच्या बाजूला, कडंला एकटंच बसलेलं. ताट मांडीवर. पुढचे दोन पाय उचललेले, खुर्ची मागच्या दोन पायांवर, आन् हे आपलं झुलतायत! झुलतायत! मी मनात म्हणलं, हितं सासऱ्याचं हॉटेल बुडाया लागलंय आन् ह्याला पाळणा सुचतोय!

जेवणं झाली. ताक झालं. एक बी खुर्ची वाजली न्हाई, तुमाला सांगतो. चाळीस माणसं उठली, दोन्ही आजोबांनी माझ्या हातात हात दिला, मॅडम म्हणाल्या, 'काका, जेवण छान, खुर्च्या भक्कम, आता दर महिन्याला इथेच. तेवढं त्या कोंबडीचं बघा.' आन् गेली सगळी.

सारिका बी भांडी घेऊन विहिरीवर गेली, तशी मी खुर्च्या उलटायला सुरुवात केली. आता कोण बघतंय, कोण न्हाई, इचारच न्हाई केला. एक, दोन, दहा, वीस... घाव न्हाई. तीस... न्हाई. एकोणचाळीस खुर्च्या उलट्या पडल्या अंगणात, आन् घाव कुटंच न्हाई. राह्यली एक. आन् तिच्यावर कोण? जावई. अजून झुलतंय.

म्हणलं, 'पाव्हणं, उठा जरा.'

'का मामा, कोंबडी?'

आन् हसला. सोताच उठला, सोताच खुर्ची उलटी केली, आन् पाय माझ्यासमोर धरला. व्हता की घाव! पेराएवढा, जिथं व्हता तिथंच. इतका वेळ नेमका त्याच पायावर झोके घेतले गड्यानं, पण चीर केसाएवढी बी पुढं गेली न्हवती.

म्हणला, 'सकाळी मांडताना हाताला लागला. म्हणलं, घाव कोयत्याचा हाय, आन् कोयता तुमच्याशिवाय कुणाचा असणार. पाव्हण्याला नको द्यायला, म्हणून तुमच्या जुन्यांतली एक धड खुर्ची एका पोराला दिली आन् हिच्यावर मीच बसलो.'

मी म्हणलं, 'आरं, मंग मला बोलला का न्हाईस?'

तर हळूच म्हणतो, 'सारिका समोर व्हती ना मामा.'

...आता तुमाला काय सांगू. साठ वर्षांत मला एवढी लाज कधी वाटली न्हाई. गेटासमोर 'जेवूनच जा' म्हणला तवा बी न्हाई. मी आपला कोयत्याकडं बघितलं, छपराकडं बघितलं, कुटं बघावं तेच कळंना. शेवटी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणलं, 'बसला ते बसलास, झुलत कशाला व्हतास मंग? डोकं फुटलं असतं म्हणजे?' तर डोळं असं चमकलं त्याचं. म्हणतो, 'मामा, आमच्याकडं बी हेच करतात! नमुन्याला मुद्दाम खाच पाडायची, आन् मशीनच्या हातोड्यानं हाणायचं. नुसतं प्लास्टिक असतं तर त्या खाचंपासनं कट्टकन गेलं असतं. तुमी घरबसल्या तीच टेस्ट केली, आन् ती बी माणूस बसवून! आमच्या सायबांना सांगतो उद्या.'

मी म्हणलं, 'सांगू नको बाबा.' पण सांगितलंनच. सारिकाला न्हाई हां, तिला अजून ठावं न्हाई, तिच्या लेखी मी कोंबडीच शोधत व्हतो. सायबाला सांगितलंन. आन् सायेब काय म्हणावा? 'असा माणूस आपल्याला पायजेच!' आता दर महिन्याला कंपनीतनं काय ना काय येतंय. बादल्या येतात, घमेली येतात, परवा क्रेट आले. सोबत छापील कागद. वर माझं नाव, कोंडाजी असं, आन् खाली लिवलेलं, 'मनात येईल त्या शंका घ्याव्यात. हवे तेथे कापून पाहावे.' आन् जावई सोता कोयता हातात देतो, धार लावून!

तुमीच सांगा मला. कोयता लपवून न्यायचा, कुणी बघतंय का बघायचं, काळीज धडधडतंय, लेकरू रडलं की दचकायचं... त्यात काय गोडी व्हती! आन् आता? उजेडात, सगळ्यांसमोर, कागदावर सही करून? मी कोयता घेऊन बसतो, बादलीकडं बघतो, बादली माझ्याकडं बघती, आन् मनात काय म्हणून काय येत न्हाई. तीन महिने झाले, कागद कोरा जातोय. जावई म्हणतो, 'मामा, एखादी तरी शंका लिवा, सायेब इचारतात.' अहो, हुकमानं शंका येती व्हय कुणाला!

...ही घ्या, आली भाकरी. जेवा निवांत. ती कडंची तेवढी माझी हाय, घाववाली. रोज सकाळी उलटी करून बघतो, चीर वाढली का. न्हाई वाढत. काय करणार, परत सरळ करतो आन् बसतो.

संशय न्हाई बरं का. मी फक्त बघतो.